एकाच उंबऱ्यावर चौसष्ट आमंत्रणं

आयुष्यात मी कुणाच्या दारात न बोलावता गेलेले नाही. शेजारी हळदीकुंकू असलं आणि गडबडीत माझं आमंत्रण राहून गेलं, तर त्या दिवशी मी आमचं पुढचं दार लोटून घेते. उगाच त्यांना ओशाळं वाटायला नको. माझा आवाजही तसाच. भाजीवाल्याला हाक मारते ती त्याला ऐकू जाईपर्यंत तो पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. अशा बाईला एका यंत्रानं ‘नको असलेली’ ठरवावं, आणि लॉटरीवाले, टकलावर केस उगवणारे तेलवाले यांच्या पंगतीत नेऊन बसवावं, हे माझ्या नशिबात होतं. एवढे गुरुवार करून!

गुरुवारचं आधी सांगून टाकते, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे. दर गुरुवारी माझं सूर्य मावळेपर्यंत मौन असतं. रोज सकाळी दत्तनामाच्या तीन माळा, त्या झाल्याशिवाय पोटात अन्न नाही. खोटं बोलायचं नाही, आणि शपथ घ्यायची नाही. एवढेच नेम. आमचे हे म्हणतात, “त्यातला गुरुवारचा सर्वांत चांगला.”

हे जळकोटच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही लातुरात घर बांधलं. वरचा मजला बांधायला हे तयारच नव्हते. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर आम्ही चार महिने अंगणात पत्र्याखाली झोपलो होतो. तेव्हापासून ह्यांचा कुठल्याही छतावर विश्वास नाही. उशाशी स्टीलच्या डब्यावर पितळेची लोटी उपडी ठेवून झोपतात. धरणी हलली की लोटी पडणार, लोटी पडली की हे उठणार, हे उठले की आम्ही सगळे वाचणार. तेरा वर्षांत लोटी दोनदा पडली, दोन्ही वेळा मांजरानं पाडली. ह्यांनी मात्र डायरीत ‘किरकोळ धक्का’ अशी नोंद केलेली आहे.

तरी वरचा मजला झाला, तो आमच्या पुण्याच्या अंबरीशच्या हट्टापायी. लातुरात तेव्हा क्लासेसचं असं पीक आलं होतं की आमच्या गल्लीत घरं नऊ आणि पाट्या चौदा. अंबरीश म्हणाला, “आई, वरती बारा मुली ठेव. बारावीच्या. तुझ्या हातचं जेवतील, डॉक्टर होतील.” मला कल्पना आवडली. मी बारा खाटा मांडल्या, बारा गाद्यांना उन्हं दाखवली. फक्त एका जागी खाट ठेवली नाही, कारण तिच्या बरोबर खाली माझं देवघर आहे. तिथं एक तुळशीची कुंडी ठेवली. देवाच्या डोक्यावर कुणाचा पाय नको.

आणि नेमका तोच मजला यशवर्धन क्लासेसच्या आप्पासाहेबांना हवा होता. चाळीस मुलांची रिपीटर बॅच बसवायला. चाळीस मुलं म्हणजे ऐंशी बूट. सकाळ-संध्याकाळ दोन बॅचा धरल्या तर एकशे साठ. आप्पासाहेब जिन्यातच उभं राहून म्हणाले होते, “काकू, ती कुंडी तेवढी हलवा. तिथं फळा येईल.”

अंबरीशनं फोनवर निवाडा दिला. “पंधरा जूनपर्यंत बाराच्या बारा मुली आल्या तर मजला तुझा. एकही खाट रिकामी राहिली तर सोळाला आप्पासाहेबांना किल्ली. आई, जाहिरात कर. ईमेल टाक. घरबसल्या जातो.”

घरबसल्या! त्या घरबसल्या कामासाठी मी पुढं एस.टी.त बसले, आगगाडीत बसले, तहसीलच्या पायऱ्यांवर बसले, फक्त घरी तेवढी बसले नाही.

पत्ते माझ्याजवळ होते. एप्रिलमध्ये नांदेडला, म्हणजे माझ्या माहेरी, शैक्षणिक मेळावा झाला होता. भावानं मला तिथं अर्धं टेबल मिळवून दिलं. आप्पासाहेबांच्या टेबलावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो होते, माझ्या टेबलावर शेंगदाण्या-गुळाचे लाडू होते. सबंध मेळाव्यात सर्वांत लांब रांग माझ्यापुढं. समोर वही ठेवली होती: नाव, गाव, फोन, ईमेल. लोकांचा असा समज झाला की वहीत लिहिल्याशिवाय लाडू नाही. मी तो समज दूर केला नाही. खोटं मी बोलले नाही हे खरं. पण गप्प बसले, आणि तो गुरुवारही नव्हता. पुढचं सगळं त्याचंच फळ असणार. दोनशे अकरा नावं जमली.

आमच्या कोपऱ्यावर शिवमूर्ती अण्णांचा नेट कॅफे आहे. अण्णा तार ऑफिसातून स्वेच्छानिवृत्त झालेले. अठ्ठावीस वर्षं तारा पाठवल्यामुळं त्यांना कुठल्याही मजकुरात पहिल्यांदा दिसतात ते जास्तीचे शब्द. मी दोन पानी पत्र लिहून नेलं होतं. वर श्री गुरुदेव दत्त, खाली सगळं खरं खरं: नळाला पाणी आठ दिवसांनी येतं पण टाकी मोठी आहे, जिना जरा उभा आहे, गुरुवारी कांदा-लसूण मिळणार नाही आणि मी बोलणारही नाही, पोळ्या मऊ असतात.

अण्णांनी चष्मा वर ढकलला. “वैनी, हे काय, पोथी पाठवता काय? मानूस वाचंपर्यंत पोरगी लग्नाला येईल.”

“मग किती ठेवू?”

“आठ शब्द. नवव्याला जादा पैसं पडायचं, तार ऑफिसात लोकं रडायची.”

त्यांनी स्वतःच खटाखट टाइप केलं. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, तीही सगळी मोठ्यातली. तारेत लहान अक्षर नसतंच म्हणे. मजकूर झाला: ‘बारा मुली लातूर अर्जंट या गोदावरी.’ सहाच शब्द. अण्णांना दोन वाचवल्याचा आनंद झाला. मग त्यांनी दोनशे अकरा पत्त्यांवर एक एक करून वेगवेगळं पाठवलं. एकदम पाठवता येतं, असं मी कुठंतरी ऐकलं होतं, पण अण्णा म्हणाले, “तार ही ज्याची त्याला. एकत्र पाठवायला ती काय पत्रावळ हाय?”

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टेम्पो थांबला. बैल नेण्याचा टेम्पो, देवणीचा. त्यातून नऊ माणसं उतरली, त्यातल्या दोन बाया पदर तोंडाला लावून. पुढं होते मलप्पा म्हणून एक जाडजूड गृहस्थ. त्यांची पोरगी आधीपासूनच लातुरात शिकत होती, आणि त्यांच्या मेव्हण्याच्या कॉम्प्युटरवर निरोप आला होता: बारा मुली, लातूर, अर्जंट या.

“कुटं हायती पोरी?” मलप्पांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. “जिवंत हायती का?”

पोरगी तिच्या होस्टेलवर सुखरूप झोपलेली निघाली. मग नऊ जणांना जेवू घातलं. जाताना मलप्पा म्हणाले, “बाई, पोळी लई मऊ हाय. पन असला निरोप पुन्हा कुनाला धाडू नगा.”

दोनशे अकरांपैकी आलं ते एवढंच उत्तर, टेम्पोनं.

अंबरीशला एक प्रत पाठवून पाहिली. त्याचा फोन आला. “आई, तुझं पत्र स्पॅममध्ये गेलं.”

“ते कुठं आलं?”

“गाव नाही गं. नको असलेली पत्रं मशीन आपोआप एका डब्यात टाकतं. लॉटरी लागली, केस उगवा, असली.”

“पण त्यानं माझं वाचलं तरी का?” मी विचारलं. अंबरीश म्हणाला, वाचून टाकतं. ते जास्त लागलं.

दुपारी शेजारच्या मल्लम्मा आल्या. उदगीरकडच्या आहेत, सल्ला देताना आधी माझ्याच डब्यातली सुपारी घेतात. “अय्यो अक्का, एवढंच हाय होय? ‘फुकट’ लिही. फुकट म्हटल्याबिगर लातुरात कुनी मान वर करत न्हाई.”

“पण फुकट नाही ना काही.”

“पयल्या दिवशीचं पुरण तर फुकट देशील का न्हाई?”

ते देणार होतेच. म्हणून दुसऱ्या पत्राचा मथळा ‘मोफत मोफत मोफत’ असा झाला. दोन मोफत मल्लम्मांचे, तिसरा अण्णांनी घातला, कारण तीन शब्द दोनाच्या भावात गेल्यासारखं त्यांना वाटलं. हे पत्र अंबरीशच्या डब्यात पहिल्यापेक्षाही लवकर पडलं.

तेव्हा ह्यांनी सूत्रं हाती घेतली. ह्यांचं मत पडलं की मजकुराला वजन नाही. मथळा लाल शाईत पाहिजे, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा पाहिजेत, प्रत्येक वाक्यापुढं उद्गारचिन्ह पाहिजे. चौतीस वर्षं नोटीस बोर्डावर असंच लिहिलं आणि एकाही पालकानं मला नोटीस दिसली नाही असं सांगितलं नाही, म्हणाले. वर मी माझ्याकडून दत्तगुरूंचा फोटो जोडला. म्हटलं, देवाचा फोटो असलेला कागद कुणी फेकत नाही. आपण तर लग्नपत्रिकासुद्धा पाण्यात सोडतो. यंत्रानं दत्तगुरूंनाही डब्यात टाकलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (एकादशीही होती, पण असती नसती तरी गेलं नसतं.)

ह्यांनी आता सरकारदरबारी दाद मागायची ठरवली. एका कचेरीत गेलो, जिथं फोन आणि नेटचं बघतात. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज उलटा करून वाचला, मग सुलटा केला.

“म्हणजे बाईंचं म्हणणं काय हाय?”

“की त्या स्पॅम नाहीत,” हे म्हणाले.

“पुरावा?”

ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. साहेब म्हणाले, हा विषय नांदेडच्या कचेरीकडं येतो. नांदेडला भावाला पाठवलं. तिथून कळलं की हा विषय अमेरिकेकडं येतो, पण अर्ज लातूरमार्फतच गेला पाहिजे. पुन्हा खिडकीशी उभे राहिलो, तेव्हा साहेबांना आमची दया आली असावी. म्हणाले, “गुरुजी, असं करा. एक प्रतिज्ञापत्र करून आना. तहसीलला होतं. मग बघू.”

प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथ आली, आणि शपथ घ्यायची नाही हा माझा नेम. तहसीलच्या पायऱ्यांवर बसून मी दीड तास विचार केला. शेवटी शपथ ह्यांनी घेतली. ‘मी शपथेवर लिहून देतो की सौ. गोदावरी ही माझी पत्नी असून ती स्पॅम नाही. तिला मी सदतीस वर्षांपासून ओळखतो.’ त्यावर शिक्का, त्याला जोडून जळकोट शाळेच्या लेटरहेडवर माझं चारित्र्य प्रमाणपत्र. ते ह्यांच्याच सहीचं होतं, मागची तारीख घालून. तारखेचं मला नंतर कळलं. त्याबद्दल मी दोन सोमवार जास्तीचे केले.

खिडकीतल्या साहेबांची तोवर बदली झाली होती. मग हे म्हणाले, एवढे कागद केलेत तर पालकांनाच पाठवू. अण्णांनी सगळं स्कॅन केलं. चौथं पत्र इतकं जड झालं की दोनशे अकरा ठिकाणी जायला त्याला पावणेतीन दिवस लागले; कॅफेतली बाकी गिऱ्हाइकं उठून गेली. आठवडाभर वाट पाहून ह्यांनी पाचवं पाठवलं: ‘स्मरणपत्र क्र. १. संदर्भ: आमची पूर्वीची चार पत्रे. उत्तर न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल.’

उत्तर आलं नाही. मे संपला. बारा खाटांवर बारा गाद्या गुंडाळलेल्या होत्या, आणि मी रोज तुळशीला पाणी घालायला वर जायची तेव्हा मला त्या जागी फळा दिसायचा. आप्पासाहेब रस्त्यात भेटले तर चौकशी करायचे, “काय काकू, कुठवर आलं?” मी हात जोडायची. दुसरं काय करणार? खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगवत नाही, अशा वेळी नमस्काराइतकं सोयीचं काही नाही.

जूनच्या पहिल्या तारखेला हे अचानक गरजले, “कॉपी! सामुदायिक कॉपी!”

मी पोळपाट टाकून धावले. हे नांदेडची वही घेऊन बसले होते, हातात लाल पेन. नंबर एक्केचाळीसपासून एकशे चारपर्यंत ह्यांनी रेघ मारली होती. चौसष्ट पालक, नावं वेगळी, फोन वेगळे, आणि ईमेलचा पत्ता सगळ्यांचा एकच. “पुढच्याचं बघून लिहिलंय सगळ्यांनी! एकशे दोन नंबरवाल्यानं तर समासातली शाईची ठिपकीसुद्धा उतरवून घेतलीय.” अशी चोरी पकडल्याचं समाधान निवृत्तीनंतर त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं.

मी त्यातल्या एकांना फोन लावला. हिमायतनगरचे होते. “पत्ता व्हय? तो आमच्या परमेश्वर नेट कॅफेचा हाय, ताई. आमाला कुठं ईमेल बिमेल. कुठलाबी फॉर्म आला की सगळं गाव त्योच लिवतो. काही आलं तर रेणुकादास सांगतो.”

चौसष्ट जणांना मी पाच पाच पत्रं पाठवली होती, आणि ती सगळी एकाच माणसाच्या पेटीत जाऊन पडली होती. एकेक. वेगवेगळी. तारेसारखी. आमंत्रण करायला निघालेल्या बाईनं एकाच उंबऱ्यावर चौसष्ट वेळा कुंकू लावावं, आतल्या माणसाला जेवू देऊ नये, झोपू देऊ नये, आणि असं पाच दिवस करावं! त्यानं कुत्रं सोडलं असतं तरी चाललं असतं. अंबरीशला सांगितलं तर तो आधी पाच मिनिटं हसला. मग म्हणाला, “त्यानंच तुला स्पॅम म्हणून दाबलं असणार. इतक्या वेळा दाबलं की मशीनला वाटलं, ही बाई वाईटच. म्हणून सगळीकडंच तू डब्यात.”

“मग आता?”

“त्यानं परत काढलं तर निघेल कदाचित.”

मी पिशवी भरली. कुंकू, अक्षता, माळ, सात लाडू, आणि अण्णांनी नाकारलेलं ते दोन पानी पत्र. हे म्हणाले, “फोन कर की.” मी म्हटलं, अपराध दारात झालाय, दारातच जायला हवं.

लातूरहून एस.टी.नं नांदेड, रात्रीपुरती भावाकडं, आणि सकाळच्या गाडीनं हिमायतनगर. गडबडीत माळा राहिल्या होत्या, त्यामुळं पोटात चहासुद्धा नव्हता. कॅफेचं शटर बंद, त्याला हे एवढं कुलूप. आपल्यात रीतच आहे, आमंत्रणाला गेलं आणि घरी कुणी नसलं तर कडीला कुंकू लावून यायचं. मी कुलपाला कुंकू लावलं, वर दोन अक्षता ठेवल्या आणि पायरीवर बसले.

थोड्या वेळानं एक किडकिडीत गृहस्थ देवळातून आले, कपाळाला भस्म. मागं एक मुलगी पुस्तक वाचत चालत होती, खड्डे चुकवत, मान वर न करता. कुलूप बघून ते दोन पावलं मागं सरले.

“हे कोनं केलं?”

“मी. लातूरहून आले. गोदावरी.”

त्यांच्या हातातला नारळ खाली पडला. “बारा मुली अर्जंट या, त्या गोदावरी?”

मी मान खाली घातली. रेणुकादासांनी शटर वर केलं, मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग हळूहळू त्यांचा महिन्याभराचा राग बाहेर आला. पण माणूस भला, रागावतानाही ‘ताई’ सोडेना. “ताई, मी काय करू सांगा. सकाळी मशीन लावलं की तुमीच. लोकाइचे निकालाचे, नोकरीचे निरोप पाहून राहिलो तर मधात तुमीच. लाल अक्षरात! एका पोराचं मुलाखतीचं पत्र तुमच्या पुरणाखाली दबून राहिलं. मंग दाबलं म्या बटन. एकेकाला. तीनशे वीस वेळा.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “लाडवापायी तुमच्या गावानं पत्ता दिला, आणि मी ते बोलावणं समजले. आता ती परत काढता येतील का?”

“येतात. पन तीबी एकेकच.”

त्यांनी लाडू तोंडात टाकला आणि बसले. डब्यात आमची तीनशे वीस पत्रं ओळीनं उभी होती. माझं नाव तीनशे वीस वेळा वाचताना मला माझीच शिसारी आली. ते एक बटण दाबायचे आणि एक पत्र बाहेर यायचं. नुसतं बघत बसण्यापेक्षा मी माळ काढली. त्यांनी एक दाबलं की मी एक मणी ओढायची. दाब, दत्त. दाब, दत्त. दाराशी गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं काही अनुष्ठान आहे, त्यांनी चपला बाहेर काढल्या.

तीन माळा म्हणजे तीनशे चोवीस मणी. तीनशे विसावं पत्र सुटलं आणि बटण थांबलं. माझे चार मणी राहिले.

“चार मनी कोरेच राहतेत की, ताई,” रेणुकादास काळजीनं म्हणाले. “अर्धी माळ बरी न्हाई.”

“नुसतं नाम घेऊन ओढते मी.”

“असं कसं? एका हिशोबानं चालू हाय ते त्याच हिशोबानं होऊ द्या.” आणि त्यांनी डब्यातली आणखी चार पत्रं मोकळी केली. एक लंडनची लॉटरी. एक केस उगवणारं तेल. एक परदेशातली विधवा, जिला आपली सगळी इस्टेट हिमायतनगरात ठेवायची होती. चौथ्या पत्राचं नाव वाचून माझा मणी अडखळला: यशवर्धन क्लासेस, लातूर, संचालक आप्पासाहेब. पण माळ मधेच टाकता येत नाही. मी डोळे मिटले आणि म्हटलं, दत्त.

मग चहा घेतला. जेवायला त्यांनीच थांबवून घेतलं. ती वाचणारी मुलगी त्यांची देविका. कोपऱ्यात बसून गणितं सोडवत होती. “हिला डाक्टर व्हायचं हाय,” ते म्हणाले. “पन लातूर नगं. भूकंपाचं गाव. त्यात तुमचा वरचा मजला.” खोटं बोलायचं नाही, म्हणून मी म्हटलं, हो, वरचाच मजला आहे, जिनाही उभा आहे. आणि ह्यांच्या लोटीचंही सांगितलं. त्यांनी ऐकत ऐकत माझ्या ताटात आणखी भात वाढला. निघताना मात्र माझं पहिलं दोन पानी पत्र, पाण्याचं आणि पोळ्यांचं, मागून घेतलं, आणि दुकानाच्या काचेवर चिकटवलं.

चार तारखेला पहिला फोन आला. मग दोन बहिणी आल्या, मग आणखी. सगळ्या हिमायतनगरच्या, सगळ्यांच्या वडिलांनी काचेवर वाचलेलं. ईमेलनं एकही मुलगी आली नाही, असं हे म्हणतात. मी वाद घालत नाही. चौदा तारखेला अकरा खाटा भरल्या. ह्यांनी पहिल्याच दिवशी मुलींना शिट्टी वाजवून जिन्यावरून ओळीत अंगणात उतरायची कवायत शिकवली.

पंधरा तारखेला नेमका गुरुवार. माझं मौन. दिवस गेला, बारावी खाट तशीच. पाच वाजता आप्पासाहेब मोजपट्टी घेऊन आले. “आज मुदत संपते, काकू. तेवढं माप घेऊन ठेवतो.” मी काय बोलणार? हे खाली मान घालून लोटी पुसत होते. घाबरले की पुसतात. आप्पासाहेबांनी मोजपट्टीचं एक टोक देवघराच्या उंबऱ्याशी धरलं. वरच्या फळ्याची जागा खालून अंदाजायची होती म्हणे. मी देवासमोर बसून राहिले.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. डोक्यावर लोखंडी ट्रंक घेतलेले रेणुकादास, मागं वाचत चाललेली देविका.

“ताई, तीनशे वीस वेळा बोलावलं, वर कुलपाला कुंकू. आता न्हाई म्हटलं तर परमेश्वर मला इचारंल.” मग ह्यांच्याकडं वळून हात जोडले. “आन खरं सांगू का गुरुजी, म्या तुमच्या लोटीच्या भरवशावर आनली पोरीला. ज्या घरात मानूस तेरा वर्षं नीट झोपला न्हाई, तिथं पोरगी निवांत झोपंल.”

ह्यांचे डोळे भरून आले. पुसलेली लोटी त्यांनी हलक्या हातानं डब्यावर उपडी ठेवली. तेरा वर्षांत त्या लोटीला कुणी असा मान दिला नव्हता, मीसुद्धा.

रेणुकादास ट्रंक घेऊन वर गेले, आणि बाराव्या खाटेशी ती त्यांच्या हातून सुटली.

सबंध घर दणाणलं. डब्यावरची लोटी खणकन पडली. “बाहेर!” हे ओरडले, शिट्टी वाजली, आणि अकरा मुली ओळीनं, एक हात पुढचीच्या खांद्यावर, जिना उतरून अंगणात उभ्या राहिल्या. मल्लम्मा पातेलं घेऊन गल्लीत. पण सर्वांच्या आधी, कवायत न शिकता, रस्त्यापलीकडं पोचले होते ते आप्पासाहेब. मोजपट्टी त्यांच्यामागं देवघरापासून गटारीपर्यंत उलगडत गेली होती. वरच्या खिडकीतून रेणुकादास डोकावले. “वा गुरुजी! यंत्र चालू हाय!”

ह्यांनी डायरीत नोंद केली: ‘मध्यम धक्का. जीवितहानी नाही.’

सगळे पांगल्यावर आप्पासाहेब मोजपट्टी गुंडाळत माझ्याजवळ आले. आवाज पहिल्यांदाच माझ्याइतका हळू. “काकू, एक विचारू? यंदा मी नऊ हजार मेल पाठवले. माणूस ठेवलाय त्यासाठी. उत्तर आलं एक. एकच मुलगा, तोही हिमायतनगरचा. बाकी सगळे स्पॅम. तुमचे कसे पोचले?”

सूर्य मावळायला दहा मिनिटं होती. मौन मोडता येत नव्हतं, आणि तो एक मुलगा माझ्या कितव्या मण्याचा, हे सांगण्यासारखंही नव्हतं. मी पिशवीतून माळ काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

हल्ली आप्पासाहेब रोज सकाळी चपला बाहेर काढून शिवमूर्ती अण्णांच्या कॅफेत बसतात. एका हातात माळ, एका हातात माऊस; अण्णांनी शिकवल्याप्रमाणं स्पॅमच्या डब्यातलं आपलं एकेक पत्र एकेका मण्याला सोडवतात. अण्णा सांगतात, शेवटी मणी उरले तर आधी माझं एखादं पत्र शोधून सोडवतात, मग तेलवाल्याचं.